एक स्थानक बंद पडले तर?



पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, फरशीवरून पाणी चालले, की पलीकडच्या वाडीचे काय होते हे खेड्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. मुले शाळेत येत नाहीत, दुधाच्या किटल्या अलीकडे पोहोचत नाहीत, आजारी माणूस खाटेवर पडून राहतो. वाडीत घरे पन्नास असोत की पाचशे, तिचा सारा व्यवहार त्या दहा-वीस हातांच्या फरशीवर टांगलेला असतो. फरशी शाबूत आहे तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती पाण्याखाली गेली, की मग तिची किंमत कळते.

आज आपल्याला हाच प्रश्न एका मोठ्या शहराच्या बाबतीत विचारायचा आहे. शहर पुणे, आणि फरशीच्या जागी मेट्रो आगगाडीचे स्थानक. एखादे स्थानक पाण्याने, आगीने, वीज गेल्याने किंवा अन्य कारणाने बंद पडले, तर बाकीच्या जाळ्याचे काय होईल? कोणते स्थानक बंद पडले तर थोडक्यात निभावेल, आणि कोणते बंद पडले तर सारे जाळे विस्कटेल? हे आधी ओळखता येते का? येते, आणि त्यासाठी फार मोठे गणित लागते असेही नाही. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखविता येईल एवढेच ते आहे. परंतु त्या गणिताकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू. पुण्याने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे.

पुणे हे नदीकाठचे गाव. कसबा, शनिवार, नारायण या जुन्या पेठा मुठेच्या एका तीरावर, आणि भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर, तसेच डेक्कन जिमखाना, हे पलीकडच्या तीरावर. त्यामुळे पुण्याचा इतिहास हा बराचसा पुलांचा इतिहास आहे. लकडी पुलाचेच पाहा. पानिपतच्या लढाईनंतर, १७६१ साली, नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर लाकडी पूल बांधविला, असे परंपरा सांगते. पुढे लाकडाच्या जागी दगडी पूल आला, तरी नाव मात्र लकडी पूल हेच राहिले. विसाव्या शतकात शनिवारवाड्याजवळ नवा पूल झाला, तोच आजचा शिवाजी पूल. दोन्ही तीरांचे व्यवहार असे या थोड्या पुलांवरून चालू लागले.

आता १८५८ सालाकडे वळा. त्या वर्षी जून महिन्यात खंडाळा ते पुणे ही आगगाडी सुरू झाली. मुंबईकडून निघालेली गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत आधीच आलेली होती. म्हणजे दोन्हीकडे रूळ तयार, दोन्हीकडे गाड्या तयार. मध्ये उभा फक्त बोरघाट. तेवढ्या एका टप्प्यासाठी प्रवाशाने खाली उतरायचे आणि पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचा. घाटातला लोहमार्ग १८६३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि मगच मुंबई-पुणे अशी सलग गाडी धावली. पाच वर्षे शेकडो मैलांच्या लोखंडाची किंमत मधल्या काही मैलांनी ठरविली. जाळ्याचे बळ एकूण लांबीवर जोखू नये, ते त्याच्या सर्वांत नाजूक जागेवर जोखावे, हा त्यातला अर्थ.

परंतु खरा धडा १२ जुलै १९६१ चा. आंबी नदीवरचे पानशेत धरण तेव्हा पुरते बांधून झालेले नव्हते. पावसाने पाणी भराभर चढले. लष्कराच्या जवानांनी रात्री वाळूची पोती रचून धरण धरून ठेवण्याची शिकस्त केली. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या धरणावर आले. खडकवासला हे एकोणिसाव्या शतकातले, दगडी, पुण्याला पाणी पुरविणारे धरण. त्याने एवढ्या पाण्याचा भार कधी सोसलेला नव्हता. दुपारी तेही फुटले. मुठेचे पाणी पेठांत शिरले, लकडी पूल आणि नवा पूल पाण्याखाली गेले, आणि शहराची दोन शकले झाली. या तीरावरच्या माणसाला त्या तीरावरचे आपले माणूस जिवंत आहे की नाही हेही कळेना.

येथे एक गोष्ट नीट पाहा, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. पानशेत फुटले म्हणून खडकवासला फुटले. खडकवासला फुटले म्हणून पूल बुडाले. आणि खडकवासल्याचा साठाच वाहून गेल्याने, पूर ओसरल्यावर, चहूकडे चिखल असताना, शहराचे नळ कोरडे पडले. एका गाठीवरचा भार दुसऱ्या गाठीवर जातो, ती सुटली की तिसरीवर जातो. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे हे असते. शास्त्रज्ञ याला साखळीने होणारा बिघाड म्हणतात.

त्या दिवसांत पुणेकर कशाकडे वळले? वाड्यावाड्यांतल्या विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळांनी शहरात पाणी आणले होते आणि ठिकठिकाणी हौद बांधले होते. घरोघर नळ आल्यावर त्या हौदांचा लोकांना विसर पडला होता. परंतु ते बुजवून टाकलेले नव्हते, म्हणून अडीअडचणीला हाताशी आले. ही गोष्टही ध्यानात ठेवा. तिची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

आता गणिताकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींना हा भाग वर्गात घेण्याजोगा वाटेल.

या शास्त्राचा उगमही पुलांतूनच झाला आहे. युरोपात, त्या काळच्या प्रशियात, कोनिग्सबर्ग नावाचे नगर होते. प्रेगेल नदीने त्याचे चार भाग केलेले आणि त्यांना जोडणारे पूल सात. प्रत्येक पुलावरून एकदाच, अगदी एकदाच जाऊन सारे शहर फिरता येईल काय, असे कोडे तेथील लोक घालीत. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३५-३६ च्या सुमारास ते सोडविले आणि उत्तर दिले: नाही. त्याचे मोठेपण उत्तरात नव्हते, रीतीत होते. पूल किती लांब, रस्ता किती रुंद, हे सारे त्याने बाजूला ठेवले. जमिनीचा प्रत्येक भाग म्हणजे एक ठिपका, आणि प्रत्येक पूल म्हणजे एक रेघ. बस्स. कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच पाहायचे. आज मेट्रोच्या डब्यात दारावर जो नकाशा लावलेला असतो, ठिपके आणि रेघांचा, तो ऑयलरच्याच कुळातला.

पुण्याच्या मेट्रोचे तसेच ठिपके काढू. या कामाची कोनशिला २४ डिसेंबर २०१६ रोजी बसविली गेली. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले. ते दोन तुकडे तेव्हा एकमेकांना जोडलेले नव्हते. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात येऊन भेटले, आणि जाळे खऱ्या अर्थाने त्या दिवशी जन्माला आले. पुढे ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारातून स्वारगेटपर्यंत गाडी गेली. शेवटचे उद्घाटन तीन दिवस आधी व्हायचे होते. मुसळधार पावसाने तो समारंभ लांबणीवर पडला.

आता कागद घ्या आणि मोठी अधिक-खूण काढा. मध्यावर जिल्हा न्यायालय. उत्तरेकडच्या फांदीवर आराखड्याप्रमाणे १० स्थानके, शिवाजीनगरपासून पिंपरीपर्यंत. दक्षिणेकडे ३: कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. पश्चिमेकडे ८, पुणे महापालिकेपासून वनाजपर्यंत. पूर्वेकडे ७, मंगळवार पेठेपासून रामवाडीपर्यंत. एकूण २८, आणि मधले एक धरून २९.

एखादे स्थानक बंद पडले, त्यातून गाडीही जाऊ शकत नाही, असे धरा. मग उरलेल्या २८ स्थानकांपैकी कोणतीही दोन घेतली, तर त्यांच्यात जाता येते की नाही? अशा जोड्या किती होतात? २८ गुणिले २७ भागिले २, म्हणजे ३७८. या ३७८ पैकी किती जोड्या तुटल्या, हे त्या स्थानकाच्या महत्त्वाचे एक माप झाले.

वनाज बंद पडले. ते टोकाचे. बाकीच्या कोणाची वाट त्याच्यातून जात नाही. तुटलेल्या जोड्या शून्य.

मंडई बंद पडली. स्वारगेट एकटे पलीकडे राहिले, बाकीची २७ अलीकडे. तुटल्या २७.

नळ स्टॉप बंद पडला. पलीकडे ३, अलीकडे २५. तीन गुणिले पंचवीस, म्हणजे ७५ तुटल्या.

पुणे महापालिका बंद पडली. पलीकडे ७, अलीकडे २१. तुटल्या १४७.

शिवाजीनगर बंद पडले. पलीकडे ९, अलीकडे १९. तुटल्या १७१.

आणि जिल्हा न्यायालय बंद पडले तर? चार फांद्या चार दिशांना. प्रत्येक फांदीच्या आतल्या आत जेवढ्या जोड्या, तेवढ्याच शिल्लक राहतात: ४५, ३, २८ आणि २१, मिळून ९७. म्हणजे ३७८ पैकी २८१ जोड्या तुटल्या. चार प्रवासांतले जवळजवळ तीन बुडाले. २९ पैकी एक स्थानक गेले, आणि तीन चतुर्थांश जाळे गेले.

अर्थात, एक खुलासा केला पाहिजे. या स्थानकात दोन मार्ग एकाच पातळीवर नाहीत. पिंपरी-स्वारगेट मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि वनाज-रामवाडी मार्ग खांबांवरून उंच जातो. त्यामुळे खाली पाणी शिरले म्हणून वरची गाडी थांबलीच पाहिजे असे नाही. खालचा मार्ग एकटाच बंद पडला तर तुटणाऱ्या जोड्या २८१ वरून २२५ वर येतात. शिवाय स्थानक बंद असणे आणि वाट बंद असणे यांतही फरक आहे. दारे लावून घेतली, पण गाडी न थांबता पुढे गेली, तर त्या ठिकाणच्या लोकांची गैरसोय झाली, जाळे तुटले नाही. म्हणून कोणत्याही बिघाडात पहिला प्रश्न असा: थांबा गेला, की वाट गेली?

हे नुसते कागदावरचे नाही. मुंबईत भुयारी मेट्रोचा नवा टप्पा मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत सुरू झाला, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पहिल्याच जोरदार पावसात त्या स्थानकात पाणी शिरले. गाड्या अलीकडे वरळी स्थानकापर्यंतच सोडाव्या लागल्या. बाकीचा मार्ग मात्र चालू राहू शकला. का? कारण त्या वेळी अत्रे चौक हे टोकाचे स्थानक होते. आपल्या फळ्यावरच्या वनाजसारखे. तेच पाणी मधल्या स्थानकात शिरते, तर त्या दिवशीचा हिशेब वेगळा झाला असता.

बाहेरच्या जगातही विद्वानांनी हा विचार केलेला आहे. २००० साली बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की ज्या जाळ्यात थोड्या गाठींवर पुष्कळ धागे येऊन मिळतात, ते जाळे अधूनमधून कुठेतरी होणारे बिघाड सहज पचवते. पण नेमक्या त्या मोठ्या गाठी सुटल्या तर पाहता पाहता उसवते. लातोरा आणि मार्किओरी या दोन इटालियन संशोधकांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहराची भुयारी रेल्वे घेऊन जाळ्याची कार्यक्षमता मोजण्याची रीत मांडली. वाट तुटली की नाही एवढेच त्यांनी पाहिले नाही, ती किती लांबली हेही पाहिले. वळसा फार मोठा असेल तर वाट असून नसल्यासारखीच, हे आपल्याकडच्या कोणत्याही पायी चालणाऱ्या माणसाला पटेल. पुढे २०१० साली देरीब्ल आणि केनेडी यांनी जगातील ३३ मेट्रोजाळी याच दृष्टीने तपासली. या सर्व अभ्यासांचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: ज्या जाळ्यात फेर आहेत, म्हणजे एका वाटेने गेलेला माणूस दुसऱ्या वाटेने परत येऊ शकतो, ते जाळे टिकाऊ, नुसत्या फांद्या असलेले जाळे नाजूक. झाडाची फांदी तोडली की तिच्यावरची सारी पाने गेली. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा तुटला, तरी कोळी पडत नाही.

मग पुण्याच्या झाडाचे जाळे होणार काय? जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाजकडून चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीकडून वाघोलीपर्यंत मार्ग वाढविण्यास मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी दोन मार्ग मंजूर झाले: खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला, आणि नळ स्टॉप-वारजे-माणिक बाग. हे मार्ग स्वारगेट, नळ स्टॉप आणि खराडी बायपास येथे आधीच्या मार्गांना मिळावेत असा आराखडा आहे. आता आपल्या अधिक-खुणेवर या रेघा काढा. स्वारगेटहून माणिक बाग, वारजे, नळ स्टॉप असा पश्चिमेला एक फेर होतो. स्वारगेटहून हडपसर, खराडी, रामवाडी असा पूर्वेला दुसरा फेर होतो.

आणि पुन्हा तीच जुनी २९ स्थानके घेऊन हिशेब करा. पुणे महापालिका बंद पडली, तर आज १४७ जोड्या तुटतात. फेर झाल्यावर शून्य, कारण कोथरूडचा माणूस वारज्यावरून वळसा घेऊन येईल. जिल्हा न्यायालयच बंद पडले, तर २८१ ऐवजी १८० तुटतील. सुधारणा मोठी आहे, पण १८० हा आकडाही लहान नाही. तो कोठून येतो? उत्तरेकडच्या दहा स्थानकांतून. पिंपरी-चिंचवडची बाजू या आराखड्यानंतरही एकाच धाग्यावर राहते. त्यातच हिंजवडीहून येणारा २३ किलोमीटरचा तिसरा मार्गही जिल्हा न्यायालयापाशीच आणावयाचा ठरलेला आहे. सोय म्हणून हे योग्यच आहे, सगळ्या वाटा एका चौकात भेटल्या की प्रवाशाला बरे पडते. पण जितकी सोय वाढते, तितका त्या चौकावरचा भारही वाढतो. सोय आणि सुरक्षितता या दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत. त्यांचा मेळ मुद्दाम घालावा लागतो.

उत्तरेच्या त्या बाजूला दुसरा धागा अजिबात नाही काय? आहे. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी अशी जाणारी आगगाडीची जुनी वाट. तीच, १८५८ सालची. तिच्यावरून पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. मेट्रोच्या नकाशात ती दिसत नाही, कारण ती दुसऱ्या खात्याची. परंतु अडलेल्या माणसाला खात्यांशी काय करायचे आहे? त्याला घरी पोहोचायचे आहे. मेट्रो थांबली तर तिचे तिकीट लोकलला चालेल काय, शहराची बस कोणत्या दारापाशी येऊन उभी राहील, हे ज्या शहरात आधी ठरलेले असते, त्या शहराचे जाळे कागदावर दिसते त्याहून बळकट असते.

न्यूयॉर्कचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे साउथ फेरी हे भुयारी स्थानक २००९ साली नव्याने बांधून सुरू झाले. २०१२ सालच्या सँडी वादळात समुद्राचे पाणी आत शिरून ते निकामी झाले. दुरुस्ती व्हायला २०१७ साल उजाडले. पण मधल्या काळात लोकांनी काय केले? शेजारचे जुने स्थानक, जे नव्यामुळे बंद झाले होते, ते मोडून टाकलेले नव्हते. २०१३ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उघडले आणि काम भागले. पेशव्यांच्या हौदांची आठवण झाली ना? जुने म्हणून टाकाऊ, असे ठरविण्याची घाई करू नये, हे पुण्याच्या हौदांनीही सांगितले आणि न्यूयॉर्कच्या स्थानकानेही.

आता या गणिताची उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती खेड्यातल्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या हिशेबात टोकाचे स्थानक बंद पडले तर नुकसान शून्य आले. पण टोकाचे स्थानक म्हणजे काय? ते शहराचे टोक, आणि खेड्याचे दार. स्वारगेट घ्या. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची माणसे एस. टी. ने येथे उतरतात. कोणी न्यायालयाच्या तारखेला आलेले, कोणी ससून रुग्णालयात निघालेले, कोणी परीक्षेला. नकाशावर स्वारगेट म्हणजे एक ठिपका; प्रत्यक्षात त्या ठिपक्यामागे अर्धा पश्चिम महाराष्ट्र उभा असतो. तेथील दार बंद झाले, तर स्थानिक माणूस रिक्षा करील किंवा ओळखीच्या गल्लीतून चालत जाईल. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या परगावच्या म्हाताऱ्याने काय करावे? शिवाजीनगरच्या स्टँडचेही तसेच झाले. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस तो वाकडेवाडीला हलविला गेला. नकाशावर हे अंतर बोटभरही नाही. पण डोक्यावर गाठोडे आणि हाताशी लेकरू असलेल्या बाईला ते किती वाटले असेल, हे कोणत्याही जोड्यांच्या बेरजेत येत नाही.

म्हणून एखादे स्थानक किती नाजूक, हे ठरविताना तीन प्रश्न विचारावेत. ते गेले तर किती वाटा तुटतात? त्या वाटांनी कोण आणि किती माणसे जातात? आणि ते पुन्हा उभे राहीपर्यंत त्या माणसांना दुसरी कोणती वाट आहे? पहिला प्रश्न गणिताचा आहे. दुसरा मोजणीचा आहे. तिसरा कारभाराचा आणि माणुसकीचा आहे. तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आणि नदीला विसरून चालणार नाही. पुण्याची मेट्रो दोन रीतींनी मुठा ओलांडते. एक मार्ग डेक्कनकडून नदीच्या कडेकडेने खांबांवरून येतो. दुसरा न्यायालयापासून कसब्याकडे जाताना नदीच्या पात्राखालून भुयाराने जातो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरले. डेक्कनजवळचा भिडे पूल तर पाणी चढले की बंद करावाच लागतो. म्हणजे ज्या दिवशी मेट्रोची परीक्षा असेल, त्याच दिवशी रस्त्यांचीही असेल. मेट्रो बंद पडली तर बस आहेच, असे म्हणताना ती बस ज्या पुलावरून जायची तो पूल कोरडा असेल काय, हे आधी पाहिले पाहिजे. दोन वाटा एकाच पाण्यात बुडणाऱ्या असतील, तर त्या दोन वाटा नव्हेत, एकच. १९६१ साली पुण्याला पूल एकाहून अधिक होते. परंतु ते एकाच नदीच्या भरवशावर होते.

शिक्षक मित्रांना शेवटी एक सूचना. हा धडा शिकवायला पुण्याचीच गरज नाही. आपल्या गावाचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. शाळा, दवाखाना, दूध डेअरी, पाण्याची टाकी, बाजार, एस. टी. चा थांबा, प्रत्येकाला एक ठिपका. वाटांच्या रेघा ओढा. मग एकेक ठिपका बोटाने झाका आणि विचारा: आता कोण कोणापासून तुटले? ओढ्यावरची फरशी झाका. विजेचे रोहित्र झाका. नळयोजनेची एकुलती एक मोटार झाका. ज्या ठिपक्यावर बोट ठेवताच वर्ग गप्प होईल, तो तुमच्या गावाचा जिल्हा न्यायालय समजा. त्याची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी झाली पाहिजे, त्याला पर्यायी वाट आधी शोधून ठेवली पाहिजे, आणि गावात जुनी विहीर असेल तर ती बुजवू नये, तिच्यातला गाळ काढून ठेवावा. ग्रामसभेत ही यादी मुलांनीच वाचून दाखवली, तर मोठी माणसे ती अधिक लक्षपूर्वक ऐकतील.